पहिले चोवीस तास आणि शीतखोलीची किल्ली

माझी मुलगी १२ जुलै २०२५ रोजी, शनिवारी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात जन्मली. आईने ही वेळ पत्रिकेसाठी टिपून ठेवली होती; दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही सगळे तीच वेळ डोळ्यांसमोर ठेवून एका लसीसाठी तास मोजत बसलो होतो. तो रविवार आणि त्यानंतरचे साडेतीन महिने कसे गेले, हे मी लिहून ठेवत आहे. बाळंतपणासाठी मुंबई-ठाण्याहून कोकणात माहेरी येणाऱ्या माझ्यासारख्या अनेकजणी आहेत आणि त्यांची बाळे लसीकरणाच्या वेळापत्रकाची सुरुवात एका गावात करून शेवट दुसऱ्या शहरात करतात.

माझे सासर डोंबिवलीला आहे. गरोदरपणातल्या तपासण्या, रक्ताचे अहवाल आणि धनुर्वात-घटसर्पाची दोन इंजेक्शने तिथेच झाली. पाऊस सुरू होण्याआधी मी माहेरी आले, तेव्हा वाडीच्या आशाताई, म्हणजे गावासाठी नेमलेल्या आरोग्य स्वयंसेविका, दुसऱ्याच दिवशी घरी आल्या आणि माझे माता व बाल संरक्षण कार्ड त्यांनी पानापानाने तपासले. लसीकरणाच्या तक्त्यावर, सगळ्यात वरच्या रकान्यावर, त्यांनी बोट ठेवले. जन्मल्याबरोबर बाळाला तीन गोष्टी मिळायला हव्यात, असे त्यांनी सांगितले: पोलिओचे थेंब, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘झिरो डोस’, ब प्रकारच्या काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बीची लस, आणि क्षयरोगाविरुद्धची बीसीजी. यांतली पोलिओची मात्रा पहिल्या पंधरा दिवसांपर्यंत देता येते आणि बीसीजी राहिलीच तर वर्षाच्या आत केव्हाही देता येते. हेपॅटायटिस बीची जन्ममात्रा मात्र चोवीस तासांच्या आतच द्यायची असते. “बाकीचा मागेपुढे झाला तर बघूया. ह्या एका मात्र घड्याळ लावन घेवचा लागता,” असे त्या म्हणाल्या.

तेव्हा मी मान डोलावली, पण त्या घड्याळामागचे कारण मला नंतर समजले. हेपॅटायटिस बीचा विषाणू आईच्या रक्तात असेल, तर प्रसूतीच्या वेळीच तो बाळाकडे जाऊ शकतो. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर बहुतेक वेळा शरीर तो परतवून लावते आणि शंभरात पाचांहून कमी जणांमध्ये तो कायमचा राहतो. जन्मतःच संसर्ग झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे नव्वद टक्क्यांमध्ये तो आयुष्यभर मुक्काम करतो आणि पुढे यकृताच्या सिरोसिसचे किंवा कर्करोगाचे कारण ठरू शकतो. लस टोचल्यावर शरीराने प्रतिकारशक्ती उभी करायला वेळ लागतो, म्हणून विषाणूने ठाण मांडण्याआधी तिला सुरुवात करून द्यावी लागते. आपल्या देशात ही लस २००२ मध्ये काही ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २०११ मध्ये ती देशभराच्या नियमित कार्यक्रमात आली. माझा जन्म १९९३ चा. मला जन्मतः ती मिळालेली नव्हती आणि माझ्या आईने तर तिचे नावही ऐकलेले नव्हते.

रविवारी सकाळी सिस्टरनी मुलीच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब घातले, कार्डावर तारीख लिहिली आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. आशाताई शनिवारी रात्रीपासून आमच्यासोबतच होत्या. त्यांनी काविळीच्या लसीची चौकशी केली. लस शीतखोलीत आहे, शीतखोलीची किल्ली औषधनिर्मात्यांकडे आहे आणि रविवार असल्यामुळे ते घरी गेले आहेत, तेव्हा सोमवारी सकाळी देऊ, असे उत्तर मिळाले. सोमवारी सकाळी नऊ वाजता माझी मुलगी तेहतीस तासांची झाली असती.

सिस्टरांच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती, हे मला स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. त्या रात्री तिथे दोन प्रसूती झाल्या होत्या, वादळी पावसामुळे वीज सात तास गेलेली होती आणि त्या एकट्याने सगळा कक्ष सांभाळत होत्या. त्यांनी माझी फाइल उघडली, हेपॅटायटिसच्या तपासणीचा अहवाल पाहिला आणि मला धीर देण्यासाठी म्हणाल्या, “तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मग एका दिवसाने काही बिघडत नाही.” शिवाय दहा मात्रांची वायल, म्हणजे लसीची कुपी, एका बाळासाठी फोडली, तर उरलेल्या नऊ मात्रांचा हिशेब द्यावा लागतो, हेही त्यांनी सांगितले. मला हे पटण्यासारखे वाटले. माझा अहवाल खरोखरच निर्दोष होता, मी थकलेली होते, आणि एका बाळासाठी एवढी धावपळ नको, असे माझ्याही मनात आले.

पण आशाताईंनी ऐकले नाही. शेजारच्या खाटेवर एक नेपाळी बाई होती. तिचा नवरा जवळच्या एका हापूसच्या बागेत राखणीला होता आणि हंगाम संपल्यावरही ते कुटुंब बागेतल्या खोलीतच राहिलेले होते. तिचा मुलगा शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे माझ्या मुलीच्या पाच तास आधी, जन्मला होता. तिची नोंदणी फार उशिरा झालेली होती आणि फाइलमध्ये हेपॅटायटिसच्या तपासणीचा अहवालच नव्हता. ती कोणाकडे काही मागत नव्हती. तिला मराठी बेताचेच येत होते आणि आपल्या बाळाला आज काहीतरी मिळायला हवे होते, हे तिला कोणी सांगितलेलेही नव्हते. आशाताईंनी सिस्टरना त्या दुसऱ्या खाटेकडे बोट करून विचारले, “हिचो रिपोर्ट खय आसा?”

सर्व बाळांना ही लस सरसकट का द्यायची, आधी आईची तपासणी करून ज्यांना धोका आहे त्यांनाच का द्यायची नाही, असा प्रश्न मला गरोदरपणात पडला होता. त्याचे उत्तर मला त्या दोन खाटांमध्ये मिळाले. तपासणी सुटते, अहवाल हरवतो, नोंदणी उशिरा होते, तपासणीनंतरही संसर्ग होऊ शकतो, आणि नेमकी जिथे या गोष्टी घडतात तिथेच धोका अधिक असण्याची शक्यता असते. निवड करून लस देणारी व्यवस्था माझ्या मुलीला नेमके ओळखून बाजूला काढू शकली असती, पण त्या मुलाला ओळखण्यासाठी तिच्याकडे एक कागदसुद्धा नव्हता. आईला संसर्ग आहे हे माहीत असेल, तर बाळाला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही देतात. माहीतच नसेल, तर निदान ही अर्धा मिलिलीटर लस त्याच्या वाट्याला यावी, एवढीच तरतूद धोरणाने करून ठेवलेली आहे. मी माझ्या मुलीपुरते पाहत होते आणि म्हणून सोमवारपर्यंत थांबायला तयार झाले होते, याची मला आजही टोचणी आहे.

वायल वाया जाण्याची शंकाही आशाताईंनी खोडून काढली. उघडलेल्या कुप्यांबाबतचा नियम त्यांना प्रशिक्षणात शिकवलेला होता. हेपॅटायटिस बीची कुपी फोडल्यावर तिच्यावर तारीख व वेळ लिहायची, ती दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, मुदत आणि तापमानाची खूण तपासत राहायची, आणि मग ती अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. महिन्याला जिथे पंचवीस-तीस बाळंतपणे होतात तिथे तिच्यातली एकही मात्रा वाया जाण्याचे कारण नाही. हे सगळे त्यांनी अगदी हळू आवाजात आणि ‘सिस्टर, तुमका म्हायत आसाच’ अशी सुरुवात करून सांगितले. त्यामुळे कोणाचा अवमान झाला नाही आणि मुद्दाही सुटला नाही. सिस्टरनी कर्तव्यावरच्या डॉक्टरांना बोलावले. डॉक्टर तरुण होत्या आणि नुकत्याच रुजू झालेल्या होत्या. त्यांनी आमच्यासमोरच औषधनिर्मात्यांना फोन लावला.

ते गृहस्थ अठरा किलोमीटरवरून, आडव्या पावसात मोटारसायकलने आले आणि सव्वाचार वाजता रुग्णालयात पोहोचले. अंगावरचा रेनकोट निथळत होता. त्यांनी आधी हात पुसले, मग शीतखोली उघडली. रात्री सात तास वीज नव्हती, तेव्हा आतली लस चांगली असेल का, ही भीती मला होती आणि मी माझ्या नवऱ्याला ते विचारायला पाठवले. त्यांना या प्रश्नाचा राग आला नाही. उलट त्यांनी त्याला आत बोलावून सगळे दाखवले. तो शीतसंदूक घरातल्या फ्रिजसारखा नसतो. त्याच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे झाकण उघडले नाही तर वीज गेल्यावरही आतला गारवा बराच काळ टिकतो. तापमापी पाच अंश दाखवत होती आणि सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची वही शेजारीच टांगलेली होती. कुपीवरच्या वर्तुळात एक लहान चौकोन असतो. लसीला उष्णता लागत जाते तसा तो गडद होत जातो, आणि तो बाहेरच्या वर्तुळाहून फिका असेपर्यंतच कुपी वापरायची असते. आमच्या कुपीवरचा चौकोन जवळपास पांढरा होता. पोलिओच्या आणि बीसीजीच्या लसीला उष्णता बाधते, तर हेपॅटायटिस बीच्या लसीला गोठणेही घातक असते. गोठून गेलेली लस उष्णतेची खूण शाबूत असूनही निकामी झालेली असू शकते, म्हणून ती बर्फाला टेकवून ठेवत नाहीत. हे त्यांनी ज्या आत्मीयतेने सांगितले, त्यावरून किल्ली आपल्या खिशात ठेवण्यामागची त्यांची काळजीही माझ्या नवऱ्याला समजली. अनोळखी हातांनी दार वारंवार उघडले जाऊ नये, हीच ती काळजी होती.

पाच वाजायला दहा मिनिटे असताना आधी त्या मुलाला आणि मग माझ्या मुलीला डाव्या मांडीत लस टोचली गेली. तो सव्वाबावीस तासांचा होता आणि ही सतरा तासांची. दोघेही क्षणभरच रडली.

बर्फ नव्हता त्या काळात लस कशी नेत असत, हे मी पूर्वी वाचलेले होते आणि त्या संध्याकाळी ते पुन्हा आठवले. देवीची लस भारतात प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. ती लस बगदादहून बसरामार्गे मुंबईला आली होती, आणि वाटेत नासू नये म्हणून एकाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचत, माणसांच्या साखळीतून ती जिवंत ठेवली गेली होती. त्या साखळीतला एखादा दंड चुकला असता, तर लस समुद्रातच संपली असती. आपल्या शीतसाखळीत आता माणसांऐवजी पेट्या, संदूक आणि तापमापी आहेत, पण किल्ली कोणाच्या खिशात आहे यावर ती आजही तुटू शकते, हे मी पाहिले.

मंगळवारी आम्ही घरी आलो. बीसीजी मात्र रुग्णालयात मिळाली नाही, आणि इथे कारण वेगळे होते. बीसीजी भुकटीच्या रूपात असते. ती द्रावणात मिसळली की चार तासांत वापरून संपवावी लागते. उरलेली फेकून द्यावी लागते आणि अठ्ठावीस दिवसांची सवलत तिला लागू नाही. त्यामुळे दोन बाळांसाठी दहा-वीस मात्रांची कुपी फोडायला कर्मचारी कचरतात आणि चार बाळे जमण्याची वाट पाहतात. कुपी एका बाळासाठीही फोडावी, हेच खरे धोरण आहे. बाळाच्या मानाने कुपीची किंमत नगण्य आहे. पण या बाबतीत मी भांडले नाही. उपकेंद्राच्या बुधवारच्या सत्राला जायचे ठरले. पहिल्या बुधवारी ओढ्याला पूर आला आणि वाडीचा साकव पाण्याखाली गेला. दुसऱ्या बुधवारी, २३ जुलैला, बीसीजी झाली.

मधल्या दिवसांत घरी पाचवी झाली. त्या रात्री सटवाई बाळाचे ललाट लिहायला येते, असे आमच्याकडे मानतात आणि घरातली मोठी बाई जागी राहते. माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या दंडावर देवीच्या लसीचे दोन मोठे गोल व्रण आहेत. इतक्या लहान जिवाला सुया टोचणे तिला मुळीच पसंत नव्हते आणि “एवढ्याश्या पोराक सुयो कित्याक गो टोचतत?” असे ती रुग्णालयातून आल्यापासून विचारत होती. पाचवीच्या रात्री मी दूध पाजत असताना तिने, विषय नसताना, सांगायला सुरुवात केली: “माझो पयलो झील आठ दिसांचो होवन गेलो. आधी दूध ओढीना, मगे त्येचा तोंड उघडेना. अंग लाकडासारख्या झाला.” घरातच बाळंतपण झाले होते आणि नाळ विळतीने कापली होती. माझ्या वडिलांच्या आधी आजीला एक मूल होते, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

ते सगळे वर्णन नवजात बाळाच्या धनुर्वाताचे होते. मी तिला कार्डाचे पहिले पान दाखवले आणि डोंबिवलीला मला दिलेली दोन इंजेक्शने त्यासाठीच होती, असे सांगितले. गरोदर आईला टोचलेल्या लसीमुळे तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात आणि पहिल्या आठवड्यांत बाळाचे धनुर्वातापासून रक्षण करतात, म्हणजे हे लसीकरण बाळ जन्मण्याआधीच सुरू झालेले असते. माता आणि नवजात बाळांमधल्या धनुर्वाताचे भारतातून २०१५ मध्ये उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. रोगाचे जंतू मातीत असतातच. तरीही हा आजार घराघरातून दिसेनासा झाला, तो या इंजेक्शनांमुळे आणि स्वच्छ प्रसूतीमुळे. आजीने कार्ड हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवले. तिला वाचता येत नाही. त्यानंतर तिने सुयांबद्दल पुन्हा तक्रार केली नाही. सत्राच्या दिवशी बाळाला टोपडे घालून तयार करण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले.

बीसीजीची जागा दोन-तीन आठवड्यांनी लाल झाली, मग तिथे लहानशी पुळी येऊन ती फुटली. आईने हळद लावायला काढली होती. पण तिथे काहीही लावायचे नाही, शेकायचे नाही, ते आपोआप सुकते, असे आरोग्य सेविकांनी आधीच बजावून ठेवले होते. ही लस मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयाला फारशी अडवत नाही. लहान मुलांमधला मेंदूच्या आवरणाचा आणि शरीरभर पसरणारा क्षय ती रोखते, आणि म्हणूनच ती इतक्या लवकर द्यायची असते.

पुढच्या मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या असतात. आपल्याकडे त्यांना दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचा डोस म्हणतात. माझी मुलगी २३ ऑगस्टला सहा आठवड्यांची झाली आणि त्यानंतरचा पहिला बुधवार २७ ऑगस्ट, म्हणजे नेमकी गणेश चतुर्थी. कोकणात त्या दिवशी कोणते सत्र भरणार? घरे चाकरमान्यांनी भरलेली असतात, अंगणवाडी बंद असते, आणि सेविकांच्या घरीही गणपती असतो. सत्र गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर, ३ सप्टेंबरला ठेवले गेले. एका आठवड्याच्या उशिराने आधीच्या मात्रा फुकट जातील की काय, या भीतीने मी आशाताईंना दोनदा फोन केला. मात्रा उशिरा झाली म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पुढच्या मात्रेत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवले की झाले, असे त्यांनी समजावले. लवकर देणे चुकीचे, उशीर झाला तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर देणे बरोबर.

त्या दिवशी अंगणवाडीत अकरा बाळे होती. सेविकांनी लसपेटीतला बर्फाचा पॅक कानाजवळ हलवून आत पाणी वाजते का ते पाहिले. पूर्ण गोठलेल्या पॅकमुळे पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठू शकते, म्हणून ही खबरदारी. माझ्या मुलीला पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस तोंडावाटे मिळाली. उजव्या दंडावर त्वचेच्या आत पोलिओचे इंजेक्शन, उजव्या मांडीत न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची पीसीव्ही आणि डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट दिली. पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हेपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणारा एक जंतू) या पाचांविरुद्धचे घटक एकाच सुईत येतात. सुई टोचली की लगेच तिचे टोक कापले जात होते. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसायचे होते, कारण क्वचित तीव्र ॲलर्जी झाली तर ती बहुधा त्या वेळातच दिसते आणि तिच्यावरचे औषध सेविकांजवळ तयार असते. कोणती लस दिली, पुढची तारीख कोणती, आज काय त्रास होऊ शकतो आणि कार्ड जपून आणायचे, हे सेविकांनी अकराही आयांना वेगवेगळे सांगितले. एकीलाही घाईने वाटेला लावले नाही.

ती नेपाळी बाईही आली होती. तिचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, खताच्या जाड पिशवीचा तुकडा शिवून केलेल्या पाकिटात होते. तिने मला मुलाची मांडी दाखवली आणि हसली. बागमालकाने तिला सत्रासाठी रिक्षा करून दिली होती.

संध्याकाळी मुलीला ताप चढला आणि डावी मांडी घट्ट लागू लागली. तो ताप अपेक्षित आहे हे माहीत असूनही ती रात्र अवघड गेली. सांगितल्याप्रमाणे वजनानुसार पॅरासिटामॉलचे थेंब दिले, अंगावरचे कपडे कमी केले आणि पुन्हा पुन्हा दूध पाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खेळू लागली. डोंबिवलीहून माझ्या नणंदेचा फोन आला की खाजगी दवाखान्यात बिनतापाची, ‘पेनलेस’ लस मिळते, ती का घेतली नाही. मी याची नीट चौकशी केली. फरक डांग्या खोकल्याच्या घटकात आहे. सरकारी लसीत त्या जंतूंच्या संपूर्ण, मारलेल्या पेशी असतात, म्हणून ताप अधिक येतो; दुसरीत त्यांचे निवडक शुद्ध अंश असतात, म्हणून ताप कमी येतो, पण तिचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते, असे अनेक देशांत आढळले आहे. दोन्ही लसी सुरक्षित आहेत. एका रात्रीच्या तापाच्या बदल्यात अधिक टिकाऊ संरक्षण मिळत असेल, तर मला ते चालते, असे मी नणंदेला कळवले. तिला ते पूर्णपणे पटले नाही आणि त्यावरून आमच्यात वादही झाला नाही.

अडीच महिन्यांचा डोस दसऱ्याच्या आदल्या दिवशी, १ ऑक्टोबरला झाला. दिवाळीनंतर मी सासरी परतले. तिसऱ्या डोससाठी २९ ऑक्टोबरला डोंबिवलीतल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेलो, तेव्हा ‘गावाकडचे कार्ड’ चालेल का, हा प्रश्न मनात होता. परिचारिकेने कार्ड पाहिले, यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीवर, माझ्या मोबाइल क्रमांकावरून मुलीची नोंद शोधली आणि गावातल्या मात्रा तिथे दिसल्यावर पुढची मात्रा दिली. पत्ता, रेशनकार्ड असे काहीही मागितले नाही. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम या नावाने जे सुरू झाले, त्यातला ‘सार्वत्रिक’ हा शब्द मला त्या रांगेत उभे असताना प्रत्यक्षात दिसला. सात प्रकारच्या लसींसाठी दोन जिल्ह्यांत मिळून आम्ही एक रुपयाही दिला नाही.

तिथे कार्ड हातात असताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या कार्डावर हेपॅटायटिस बीच्या जन्ममात्रेपुढे फक्त तारीख आहे: १३ जुलै. जन्मतारीख १२ जुलै. कागदावर हे ‘दुसऱ्या दिवशी’ दिसते. पण एखादे बाळ १३ तारखेला पहाटे साडेबाराला जन्मले आणि त्याला १४ तारखेला सकाळी नऊला लस मिळाली, तर कागदावर तेही ‘दुसऱ्या दिवशी’च दिसेल, आणि प्रत्यक्षात साडेबत्तीस तास उलटून गेलेले असतील. ज्या मात्रेची सगळी मदार तासांवर आहे तिच्यापुढे तास लिहिलेलेच नसतील, तर रविवारची बंद शीतखोली वरच्या कोणत्याही कार्यालयाला कधी दिसणार नाही. आकडे बरोबर येत राहतील.

म्हणून नोव्हेंबरमध्ये मी त्या रुग्णालयाच्या प्रमुखांना एक अर्ज लिहिला. त्यात तक्रार नाही. कोणाचे नावही नाही. तीन विनंत्या आहेत. सुटीच्या दिवशी शीतखोलीची दुसरी किल्ली कर्तव्यावरच्या परिचारिकेकडे, नोंदवहीत सही घेऊन, द्यावी. प्रसूतिकक्षातल्या फलकावर प्रत्येक बाळाच्या जन्मवेळेशेजारी लसीची वेळही लिहावी. उघडलेल्या कुपीचा अठ्ठावीस दिवसांचा नियम त्याच फलकाखाली मराठीत लावावा. मसुदा आशाताईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी एक ओळ वाढवायला सांगितली: आईचा अहवाल फाइलमध्ये नसेल, तर त्या बाळाला सर्वांत आधी लस द्यावी. ती ओळ मी पहिली घातली.

अर्ज पोचल्याची पावती आली आहे, उत्तर अजून आलेले नाही. मुलगी १२ एप्रिलला नऊ महिन्यांची होईल. तेव्हा गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, पोलिओचे तिसरे इंजेक्शन, पीसीव्हीची वर्धक मात्रा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस एकत्रच आहेत. रजा संपली असली तरी त्या आठवड्यात मी गावी जाण्याचे ठरवले आहे. बुधवारी अंगणवाडीतले सत्र आहे, आणि त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी अर्जाची प्रत घेऊन रुग्णालयात जाणार आहे.